रास्पबेरी पाय झिरो वापरून वायफायवर चालणारी बोट घरी करता येईल का? मोटर ड्रायव्हर कुठला घेऊ आणि रेंज किती मिळेल?

करता येते. मी केलीय, खरं तर दोनदा केलीय, दुसरी का करावी लागली ते खाली येईलच. तुम्ही लिहिलंय की पाय झिरो डब्ल्यू (वायफायवाला छोटा कॉम्प्युटर बोर्ड) घरात पडून आहे आणि पायथन थोडं येतं, म्हणजे तुमचं सोपं काम झालंय. अवघड काम पाण्याचं आहे.

आमच्याकडे गोव्यात साखळीला विठ्ठलापूरच्या देवळापाशी त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत होड्या सोडतात, थर्माकोल, पुठ्ठा, लाकूड, ज्याला जे जमेल त्याची सजवलेली होडी, त्यावर लाइटिंग, स्पर्धा पण असते. लहानपणापासून बघतोय. बहुतेक होड्या दोरीने नाहीतर पाण्यात उतरून ढकलून चालवतात, म्हणून डोक्यात आलं की आपली स्वतःची स्वतः चालली पाहिजे.

पहिल्या बोटीवर मी थर्माकोलचं देऊळ बांधलं, कळस वगैरे, दिसायला झकास, पण वजन सगळं वर आणि बूड अरुंद. तळ्यात सोडली आणि पहिल्याच वळणाला कळसासकट आडवी. दुसऱ्या वेळी शहाणपण सुचलं आणि आपली रायबंदर-चोडणची फेरीबोट केली. रुंद, सपाट डेक, वर केबिन, पुढे रॅम्प, आणि करायला एकदम सोपी कारण मुळात तो एक डबाच आहे. तुम्हालाही हेच सांगेन, निमुळती स्पीडबोट पहिल्या फटक्यात करायला जाऊ नका.

डब्याचा हिशोब पण सोपा. माझी ६० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद आहे. ती १ सेंमी बुडाली की १२०० घनसेंमी पाणी बाजूला सारते, म्हणजे १ किलो २०० ग्रॅम उचलते. बोट, बॅटरी, मोटर सगळं मिळून २ किलो ४०० ग्रॅम भरलं तर २ सेंमी बुडणार, बाजूची उंची ८ सेंमी ठेवली तर ६ सेंमी पाण्यावर. बांधायच्या आधी सगळं सामान किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघा. ४ मिमीचं प्लायवूड घेतलं, आणि फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाकडून उरलेलं रेझिन आणून आतून बाहेरून दोन हात मारले. बॅटरी तळाला अगदी मधोमध बसवा आणि घट्ट बांधा, सरकली की बोट त्या बाजूला कलते.

सुकाणू लावलंच नाही. मागे दोन मोटर, दोन पंखे. डावीकडचा जोरात फिरला की बोट उजवीकडे वळते, एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी फिरते, फेरीबोट धक्क्याला लावताना हे फार कामाला येतं. शाफ्टसाठी पितळेची बारीक नळी, आत सायकलचं ग्रीस ठासून भरलेलं, आणि नळीचं आतलं टोक पाण्याच्या पातळीच्या वर येईल अशी तिरकी बसवली, म्हणजे ग्रीस संपलं तरी पाणी आत येत नाही. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसले की घरघर आवाज येतो आणि निम्मी ताकद तिथेच जाते, माझा एक अख्खा रविवार त्यात गेला.

मोटर ड्रायव्हरचं विचारलंत, म्हणजे पायच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा बोर्ड. दुकानात गेलात की एल२९८एन देतील, तो लाल बोर्ड, मोठा हीटसिंकवाला. चालतो, पण जुन्या पद्धतीचा आहे, त्यातच साधारण २ व्होल्ट खाऊन टाकतो आणि ते गरम होण्यात जातात. टीबी६६१२ घ्या, छोटा आहे, गरम होत नाही, एका चॅनलला, म्हणजे एका मोटरला, १.२ अँपिअर सतत देतो. फक्त मोटर अडकल्यावर किती करंट ओढते ते मोजून घ्या, कारण नदीत शेवाळ पंख्याला गुंडाळतं आणि मोटर अडकतेच. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली: पायच्या जीपीआयओ (बाहेरच्या वस्तू चालवायच्या) पिनांपैकी ० ते ८ चालू होताना वर ओढलेल्या असतात, म्हणजे 'ऑन'कडे, ९ ते २७ खाली, 'ऑफ'कडे. मोटरच्या वायरी पहिल्या गटात लावल्यात तर पाय बूट होईपर्यंत बोट आपल्या मनाने उडी मारू शकते. ९ च्या पुढच्या पिना वापरा.

वीज. १८६५० चे (रिचार्ज होणारे लिथियमचे) दोन सेल सिरीजमध्ये, ७.४ व्होल्ट, त्यातून मोटरना थेट आणि पायला बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड) ५ व्होल्ट. हा कन्व्हर्टर स्क्रू फिरवून सेट करायचा असतो आणि पाय जोडायच्या आधी मीटर लावून बघायचा असतो. मी बघितला नाही. मित्राला फोनवर सांगत होतो की अरे माझा पाय जळला, तर आई आतून कोरफड घेऊन धावत आली. तिला बोर्ड दाखवला तेव्हा जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. दुसरी भानगड म्हणजे मोटर एकदम सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि पाय रिस्टार्ट होतो, मग अर्धा मिनिट बोट नदीच्या मधे नुसती तरंगत. त्याला उपाय म्हणजे ५ व्होल्टच्या लाइनवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्रत्येक मोटरच्या दोन टोकांत छोटा ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, आणि प्रोग्राममध्ये स्पीड शून्यावरून हळूहळू चढवायचा.

आता रेंज. मये तळ्यावर सकाळी कोणी नसताना मला ५०-६० मीटर आरामात मिळाली, मी खूश, म्हटलं वाळवंटीचं पात्र एवढंसं आहे. त्रिपुरारीच्या रात्री दोन्ही काठांवर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, अर्ध्यांचे हॉटस्पॉट चालू. पाय झिरो डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्या पट्ट्यात आधीच गर्दी, त्यात पाणी आणि माणसाचं शरीर दोन्ही हे सिग्नल शोषतात. बोट वीसेक मीटरवर गेली आणि मोबाईलवरचं बटण मेलं. वाईट ते पुढेच. शेवटची आज्ञा होती 'पुढे', आणि पायने ती इमानदारीने पाळली. माझी फेरीबोट सरळ जाऊन कोणाच्यातरी देखण्या मयूरनौकेच्या पिसाऱ्यात घुसली. काठावरून एक आजोबा ओरडतायत, "पळय रे, तुजी फेरी चल्ली!" (बघ रे, तुझी फेरी चालली!) मी पँट वर करून पाण्यात. मोराच्या मालकांची माफी मागितली, चांगली माणसं होती, पिसारा तिथल्या तिथे चिकटवला.

म्हणून माझं मत असं आहे की रेंज किती हा प्रश्न दुसरा, रेंज गेल्यावर बोट काय करते हा पहिला. माझ्या प्रोग्रामात कनेक्शन तुटलं की मोटर बंद असं लिहिलेलं होतं बरं का, पण कनेक्शन तुटलंय हे पायला कळायला हवं ना. मोबाईल नुसता रेंजबाहेर गेला तर निरोप द्यायला कोणी उरत नाही आणि पायवरचा सर्व्हर (मोबाईलच्या आज्ञा घेणारा प्रोग्राम) बराच वेळ समजत राहतो की सगळं ठीक आहे. त्यामुळे उलटं करा. मोबाईलने बटण दाबलेलं असो नसो, दर १०० मिलिसेकंदाला आज्ञा पाठवत राहायचं, आणि पायवर वेगळ्या थ्रेडमध्ये घड्याळ, शेवटची आज्ञा येऊन ५०० मिलिसेकंद झाले की दोन्ही मोटर शून्य. पिगपिओ (पायच्या पिना चालवणारी लायब्ररी) वापरत असाल तर अजून एक गोम आहे, तुमची स्क्रिप्ट मेली तरी त्याचा डेमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, मोटर फिरवत राहतो, तेव्हा पायचा हार्डवेअर वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला की पाय रिस्टार्ट करणारं घड्याळ) चालू करा आणि पाय परत बूट झाला की पहिली ओळ मोटर बंद करायची.

रेंज वाढवायला मी तीन गोष्टी केल्या. पाय बोटीच्या पोटातून काढून वरच्या केबिनमध्ये नेला, कारण अँटेना बोर्डावरच आहे आणि पाण्याला जितकी जवळ तितकं वाईट. पायला हॉटस्पॉट बनवायच्या ऐवजी काठावर बांबूला छोटा ५ व्होल्टवाला राउटर बांधला, पॉवर बँकवर चालतो, आणि मोबाईल आणि पाय दोघेही त्याला जोडले. आणि वायफायच्या चॅनल १, ६, ११ पैकी त्या वेळी जो मोकळा दिसेल तो. गर्दीत आता ३५-४० मीटर मिळते, तिथे तेवढी पुरते. मोबाईलचा डेटा मात्र बंद ठेवा, राउटरला इंटरनेट नाही हे बघून फोन गुपचूप तिकडे उडी मारतो आणि तुम्ही बोटीला शिव्या देत बसता. (टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर होडी चालवून दाखवली होती, त्याच्या प्रेक्षकांकडे हॉटस्पॉट नव्हते एवढाच त्याचा फायदा.)

एसडी कार्डाचं राहिलं. बोटीची वीज आपण सरळ स्विचने तोडतो, शटडाउन कोण करतंय नदीकाठी, आणि त्यात कार्ड कधीतरी खराब होतं. रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगचा प्रोग्राम) ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा, मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही.

कॅमेरा लावणार नसाल तर खरं म्हणजे ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) पुरतो, स्वस्त पडतो आणि लगेच चालू होतो. पण पाय घरात आहेच तर वापरा. त्याला सोडून माझा बाकीचा खर्च दोन हजारांच्या आत झाला, पहिला जळलेला धरला नाही.

आणि हो, पहिल्या दिवशी मागच्या कडीला मासे धरायची नायलॉनची दोरी बांधा, पंख्यापासून लांब राहील अशी. मी अजून बांधतो, पण काळोखात सोडतो त्यामुळे कोणाला दिसत नाही.