शाल-श्रीफळाआधी करारनामा

अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे समाजकार्यावर करायच्या खर्चाचं काम तुझ्याकडे आलं आणि पेठकडच्या वारली चित्रकारांच्या केंद्राबरोबर काहीतरी करायचं मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या प्रस्तावात पहिल्याच पानावर उद्घाटन, पाहुणे आणि बॅनर. केंद्र चालवणाऱ्यांना काय हवंय, ते शोधून सापडलं नाही. आधी जाऊन विचार. फोटोग्राफर न्यायचा नाही.

तिथलं वर्षही बघ. पावसाळा लागला की माणसं भात-नागलीच्या आवणीत. दिवाळीनंतर बरीच घरं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून फेब्रुवारीत शिबिर लावलंस, तर सतरंज्या रिकाम्या राहतील.

अकाउंटवाले सांगतील, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांत बसव. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. उपक्रमासाठी लागणारं भाडं, वीजबिल, हिशेब ठेवणाऱ्याचा पगार हा उपक्रमाचाच खर्च, बिनधास्त मांड. केंद्राकडे सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे कंपन्यांचा सीएसआर निधी घेऊन काम राबवायला संस्थेला लागणारी सरकारी नोंदणी, नसेल, तर त्याला कुठल्या मोठ्या ट्रस्टच्या दावणीला बांधू नकोस. कंपनी स्वतः उपक्रम राबवू शकते, मानधन थेट कलाकारांच्या खात्यात जाऊ शकतं.

खरी मेख चित्रांच्या हक्कात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुमच्या भिंतीवरचं चित्र उद्या दिवाळीच्या भेटवस्तूंवर छापलं, तरी चित्रकाराला विचारायचीही गरज नाही! म्हणून हक्क चित्रकाराचा, कंपनीला फक्त त्या भिंतीपुरती परवानगी, असं स्पष्ट लिही. कुंभमेळ्यामुळे सध्या जो तो भिंती रंगवायला निघालाय, त्या घाईत हे कलम हमखास राहतं.

आणि रिसेप्शनमागे देवचौक काढून घ्यायचं डोक्यातून काढ. तो वारल्यांच्या लग्नघरात सवाशिणी भिंतीवर लिहितात, त्यात त्यांची पालघट देवी बसते. शोभेसाठी चालेल का, हे त्यांनीच ठरवायचं; नको म्हणाले तर पैसे अडणार नाहीत, हेही करारात येऊ दे.

मसुदा मराठीत कर आणि सहीआधी आठ-दहा दिवस त्यांच्याकडे राहू दे. तिथल्या बायकांनाही वाचून दाखवायला सांग. एक प्रत मला पाठव, वकिलाकडून नजरेखालून घालून घेतो.