बीट आणि हळदीने घरी रंगवलेलं सुती कापड दोन धुण्यांत फिकं पडतं. मीठ-व्हिनेगर घालूनही रंग का टिकत नाही? आणि पानाफुलांचे ठसे कसे उमटवायचे?

बीटने कापड रंगत नाही, फक्त डागाळतं. त्यातलं लाल द्रव्य उष्णतेने मोडतं, साबणाच्या पाण्यात पिवळट होतं, आणि सुताला धरून राहणं त्याला जमतच नाही. मीठ लागतं ते पुडीतल्या कृत्रिम रंगांना, व्हिनेगर लागतं लोकर-रेशमाच्या ॲसिड रंगांना. तिथली कृती कुणीतरी उचलून इथे चिकटवली आणि आता ती सगळीकडे फिरते आहे. हळदीचं वेगळं. ती सुताला धरते, पण उन्हापुढे तिचा टिकाव लागत नाही.

या मीठ-व्हिनेगरवरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे. मी आणि जाऊबाई एका कार्यशाळेला गेलो होतो. शिकवणाऱ्या बाईंनी कोऱ्या सुती ओढण्या, त्याही खळ न काढता, बीटच्या पाण्यात बुडवल्या, वर व्हिनेगर ओतलं आणि वाळत घातल्या. गुलाबी रंग बघून सगळ्या हरखल्या. मी विचारलं, "हिरडा नाही, तुरटी नाही, मग रंग धरणार कशाला?" बाई हसून म्हणाल्या, "नैसर्गिक रंग हळूहळू उतरतो, तेच तर त्याचं सौंदर्य!" टाळ्या पडल्या. जाऊबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि परतताना ऐकवलं, "शहाणपणा केल्याशिवाय तुला चैन पडत नाही."

घरी आल्यावर त्यांच्याच ओढणीची एक पट्टी मागून घेतली. दिली त्यांनी, एवढं मान्य करते. शेजारी माझ्या मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीच्या, कापडाची पट्टी ठेवली, दोन्हींचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि खिडकीत लावल्या. बीटचा उघडा भाग मळकट पांढरा झाला. झाकलेला तेवढा वाचला होता, तो साबणाच्या पाण्यात गेला. मंजिष्ठेच्या पट्टीवर पुठ्ठ्याची कड शोधावी लागत होती. जाऊबाईंचं म्हणणं, मी मुद्दाम कडक उन्हात ठेवली. मग कपडे काय कपाटातच घालायचे?

"नैसर्गिक रंग उतरायचाच" हे वाक्य म्हणजे कामचुकारांची ढाल आहे. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेल्या सुती तुकड्यावर मंजिष्ठेच्या कुळातला रंग सापडला. हजारो वर्षांनी. आणि आपल्या ओढणीला दोन धुणी सोसत नाहीत!

खरं काम रंगाच्या आधीचं आहे. कापड धुण्याच्या सोड्यात चांगलं तासभर उकळा. निघालेलं पिवळं पाणी बघितलंत की "धुतलेलंच आहे" म्हणणार नाही. मग 100 ग्रॅम कोरड्या कापडाला साधारण 20 ग्रॅम हिरड्याची पूड. सूत तुरटीला थेट नीट धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला धरतं आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम त्या टॅनिनला. म्हणून हिरड्यानंतर 15 ते 20 ग्रॅम तुरटी. त्यानंतर मंजिष्ठा किंवा डाळिंबाची साल, मंद आचेवर, घाई न करता. नीळ याला अपवाद, तिचं तंत्रच निराळं.

ठसे मारायचे तर रंगाचे मारूच नका, रंग धरून ठेवणाऱ्या क्षारांचे मारा. नुसता हिरडा दिलेल्या कापडावर चिंचोक्याच्या खळीत हिराकस (लोखंडाचा क्षार) घोळून ठसा मारा, डोळ्यांदेखत काळा उमटतो. तुरटीच्या खळीचा ठसा दिसत नाही, म्हणून तिच्यात चिमूटभर गेरू घालतात. ठसे एक-दोन दिवस मुरू द्या, भरपूर पाण्यात खळबळून काढा, नाहीतर सुटी तुरटी आजूबाजूला पसरते. मग अख्खं कापड मंजिष्ठेत मंद आचेवर शिजवा: तुरटी होती तिथे लाल, हिराकस होता तिथे काळं. एकाच भांड्यातून दोन रंग! पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने इजिप्तच्या रंगाऱ्यांबद्दल हेच नवलाने लिहून ठेवलंय. मला अजूनही भांड्यातून कापड वर काढताना तेवढंच नवल वाटतं, आणि ते व्हिनेगरच्या बाटलीत मिळत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: हिराकस जपून, कापडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांवर नको, जास्त झाला तर सूत कुजतं. रंगाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरायची नाहीत. मोरचूदाच्या, म्हणजे तांब्याच्या विषारी क्षाराच्या, वाटेला जाऊ नका, ते पाणी ओतायचं कुठे हा प्रश्न सुटत नाही. आणि मंजिष्ठाही अमर नाही. सावलीत वाळवा, सौम्य साबण वापरा.

पानंफुलं हातोडीने ठोकून ठसे घेणं मी करत नाही. पानाचा हिरवा उजेडात तपकिरी पडतो. ठोकायचीच असतील तर निदान हिरडा-तुरटी दिलेल्या कापडावर ठोका. बाकी त्यातलं जाऊबाईंना विचारा, त्या हौसेने सांगतील. व्हिनेगरसकट.