'500 एलई'मधला एलई

प्रश्न असा आहे: हरभऱ्याच्या फवारणीसल्ल्यात 'एचएएनपीव्ही 500 एलई प्रति हेक्टर' असं येतं. एचएएनपीव्ही म्हणजे हरभऱ्यावरच्या घाटेअळीला मारणारा विषाणू. हा एलई लिटरच्या घराण्यातला का? आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

लिटरशी त्याचं काही नातं नाही. एल म्हणजे लार्व्हल, ई म्हणजे इक्विव्हॅलंट. पूर्ण वाढलेली एक घाटेअळी या विषाणूनं मेली की तिच्या अंगातून जेवढा विषाणू मिळतो, तेवढा एक एलई. हे औषध तयारच होतं अळ्यांच्या अंगात. त्यांना विषाणू लावलेलं खाद्य चारायचं, मेल्या की वाटायचं, फडक्यातून गाळायचं. मग माप अळ्यांचंच असणार! पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी होऊ लागली आणि एका एलईला 6×10⁹, म्हणजे 600 कोटी स्फटिक धरले गेले. विषाणूंभोवती प्रथिनाचं अनेक पैलूंचं कवच असतं, ते हे स्फटिक. एनपीव्ही म्हणजे न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस; त्यातला 'पी', म्हणजे पॉलिहेड्रो, तो यांच्यावरूनच. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात कवच विरघळतं आणि विषाणू मोकळे होतात. 500 एलईचे स्फटिक होतात 3 लाख कोटी. अर्थसंकल्पात शोभावा असा आकडा.

मराठीत 'अळीतुल्य' अचूक आहे, पण सरकारी वाटतो. मूठभर, चिमूटभरच्या चालीवर 'अळीभर' मला फार आवडतो. अडचण एवढीच की मागे आकडा आला की तो लटपटतो; 'पाचशे अळीभर' कोणी म्हणणार नाही. तिथे सरळ '500 रोगट अळ्यांचा अर्क' म्हणावं, शेतकऱ्याला लगेच कळतं.

रोगट अळी ओळखायला सोपी. ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांवर डोकं खाली करून लटकते. हात लागताच कातडी फाटून आतला पातळ द्रव सांडतो, खालच्या पानांवर पडतो आणि ती पानं खाणाऱ्या अळ्यांना लागण होते. जर्मनीत स्प्रूसच्या जंगलात एका पतंगाच्या अळ्या अशाच मरत, म्हणून तिथे या रोगाला नाव पडलं 'विप्फेलक्रांकहाइट', शेंड्याचा रोग.

आता 'एचए'बद्दल. ते हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या किडीचं नाव. हरभऱ्यावर ती घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी, कपाशीवर हिरवी बोंडअळी. नावं वेगळी, कीड एकच, म्हणून विषाणूही तोच चालतो. गुलाबी बोंडअळीच्या नावातही 'बोंडअळी' असली तरी ती निराळी कीड. तिच्यासाठी हा विषाणू आणू नका.