करी रोडजवळच्या पुनर्विकसित इमारतीत, ‘चाळीतल्या लोकांच्या’ विंगमध्ये भाड्याने राहावं का?

तुम्ही विचारलंय की बदलापूरची दगदग नको म्हणून ना. म. जोशी मार्गावर ३०० चौरस फुटांचं घर भाड्याने बघताय. तुमचं ऑफिस अंधेरीला, बायकोची शाळा ठाण्याला. भाडं परवडतंय, पण विंग ‘चाळीतल्या लोकांची’ आहे, तर लहान मुलीला घेऊन राहण्यासारखं आहे का? त्या चाळीतल्या लोकांपैकीच मी एक, म्हणून लिहायला बसले.

ट्रेनचं आधी सांगून टाकते. करी रोड मध्य रेल्वेवर, लोअर परळ पश्चिमेवर, आणि आमचा रस्ता दोन्हींच्या मधोमध. तुम्ही लोअर परळहून, बायको करी रोडहून, दोघंही चालत स्टेशनवर. फास्ट मात्र दोन्हीकडे थांबत नाही, दादरला बदलायची. नवरा-बायकोची ऑफिसं दोन वेगळ्या लाइनींवर असतील तर अशा सोयीच्या जागा मुंबईत मोजक्याच.

आता विंगबद्दल. माझे बाबा कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आई दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवायची, दोन्ही पाळ्यांची मिळून चौदा माणसं जेवायला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबा परत आत गेलेच नाहीत. खाणावळीतली माणसं एकेक करून गावी गेली, काहींचे पैसे राहिले ते राहिलेच. माझा दादा पुढे डोंबिवलीला गेला. चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा त्याचं म्हणणं, खोली विकून पैसे वाटून घेऊ. मी नाही म्हटलं. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. तीन वर्षांत देतो म्हणालेल्या बिल्डरने घर द्यायला नऊ वर्षं लावली, मधे भाड्याचे चेक बंद झाले, हेही खरं. दादा तेव्हा दर दिवाळीला ‘बघ, मी सांगत होतो’ म्हणायचा.

आम्हाला सतरावा मजला मिळाला. २०१९ च्या जुलैमध्ये, रात्री दीडला, आईला दम लागला. बाहेर मुसळधार पाऊस, मीटर रूममध्ये पाणी शिरलेलं, आमच्या विंगची वीज गेलेली. जनरेटर होता, पण त्यावर शेजारच्या टॉवरच्या, बिल्डरने बाहेरच्यांना विकायला बांधलेल्या, लिफ्ट चालत होत्या, आमच्या नाही. मी जिन्यात उभी राहून नुसती हाक मारली, ‘अरे कोणी आहे का?’ पाचव्या मिनिटाला मंडळाची सहा पोरं वर आली. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, माझ्या सुती साडीने छातीशी आणि गुडघ्यांशी बांधलं आणि मोबाइलच्या उजेडात उतरायला लागली. दोघं पुढे, दोघं मागे, एक उजेड धरायला, एक ‘पायरी, पायरी, वळण’ असं ओरडायला. दर चार मजल्यांनी माणसं बदलायची. नवव्या मजल्यावरच्या काकींनी दार उघडून पाणी दिलं आणि त्याही छत्री घेऊन खाली आल्या.

खाली आमच्या गल्लीत बाइक लागलेल्या, टॅक्सी आत येईना. टॉवरचं गेट सरळ हमरस्त्यावर उघडतं, आमच्या विंगच्या आणि टॉवरच्या मधलं दार फक्त पंधरा पावलांवर. वॉचमन म्हणाला, परवानगी नाही. पोरांनी वाद घातला नाही, खुर्ची डोक्यावर घेतली आणि गल्लीतून बाहेर नेली. करी रोडच्या पुलावरून केईएम हॉस्पिटलला पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

दादा पहिल्या लोकलने आला. तोवर आईला ऑक्सिजन लावून चार तास झाले होते. कॉरिडॉरमध्ये मला काय म्हणाला, ‘विकून तळमजल्यावर घर घेतलं असतं तर ही पाळी आली नसती.’ तेव्हा मी गप्प बसले, अंगात त्राण नव्हतं. आज सांगते. तळमजला मिळाला असता, दादा, पण रात्री दीडला केईएम दहा मिनिटांवर नसतं, आणि नुसत्या हाकेवर सहा पोरं आली नसती. आई त्यानंतर चौदा महिने माझ्या हातचं जेवली.

तर ‘चाळीतले लोक’ म्हणजे हे. त्रास म्हणाल तर आहे. गणपतीत स्पीकर असतो, जिन्यात चपला असतात, तुमच्याकडे पाहुणा कोण आला हे नवव्या मजल्याला कळतं. माझ्या मते लहान मुलगी असलेल्या घराला हे हवंच.

मला खरा राग आहे तो मैदानाचा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, त्यातला एक लोकांच्या मोकळ्या जागेसाठी. २००१ मध्ये नियम फिरवला, गिरणीतल्या बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली आणि रिकाम्या पडलेल्या तुकड्यांचेच वाटे उरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. आमच्या भोवती मॉल झाले, काचेची ऑफिसं झाली, आणि पोरं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात. तुमची मुलगीही तिथेच खेळेल, हे धरून चाला.

दुसरं, पूल. इथे सगळं पुलांवर अवलंबून आहे. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला, पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला घेतला, त्यामुळे केईएम, टाटा, वाडिया या हॉस्पिटलांकडे जाणाऱ्यांचा भार आमच्या करी रोडच्या पुलावर आला. मी वर दहा मिनिटं म्हटलं ते रात्रीचं आणि तेव्हाचं. संध्याकाळी सातला वेगळा हिशेब. आणि प्रभादेवी (तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड) स्टेशनच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ माणसं चेंगरून गेली, ते इथलं कोणी विसरलेलं नाही. पावसात जिन्यावर गर्दी दिसली तर मुलीला घेऊन घुसू नका, बाजूला थांबा, एक गाडी जाऊ द्या.

टॉवरवाल्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. सगळेच त्या वॉचमनसारखे ‘परवानगी नाही’ म्हणणारे नाहीत. आठवडाभरात तिथल्याच काही जणांनी सह्या करून मधलं दार रात्री उघडं ठेवायला लावलं. जनरेटरचं मात्र अजून भांडण चालू आहे.

घर बघायला रविवारी दुपारी येऊ नका. एजंट त्याच वेळेला बोलावेल. कामाच्या दिवशी रात्री अकराला या, लिफ्टसमोर दहा मिनिटं उभे राहा, आणि जनरेटरवर तुमच्या विंगची लिफ्ट आहे का ते सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लेखी घ्या. नसेल तर सहाव्या मजल्याच्या वर घेऊ नका, भाडं कितीही कमी असो.