छिद्रांचे पॅटर्न आणि खाकी गणवेश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या १९२०च्या सुमाराच्या गणवेशाचा कागदी पॅटर्न हाती आला आहे. त्यावर एकही रेघ छापलेली नाही, नुसती छिद्रे आहेत. माया (शिवणीसाठी कडेला सोडलेले जादा कापड) धरली आहे की नाही तेही कळत नाही. बेतायचे कसे?

उत्तर : मूळ कागदाला टाचणी आणि कात्री लावूच नका. हा पातळ कागद घडीवरच तुटतो. वाफ बंद ठेवून कोमट इस्त्रीने तो सपाट करा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा, कडेला वजने ठेवा आणि प्रत्येक छिद्र, प्रत्येक खाच उतरवून घ्या. पुढचे सगळे काम या नकलेवर. छापील रेघांचे पॅटर्न १९२०च्या दशकात आले, पण छिद्रांचे पॅटर्न त्यानंतरही बरीच वर्षे विकले जात होते.

छिद्रांची भाषा कंपनीगणिक बदलते. कडेजवळची मोठी छिद्रे बहुधा ‘इथे कापडाची घडी’ असे सांगतात, तर एका ओळीतली छिद्रे उभा धागा (कापडाच्या लांबीची दिशा) दाखवतात. मात्र सोबतचा सूचनांचा कागद असेल तर त्याचेच ऐका.

माया ओळखायला गळा आणि कॉलर घ्या. पुढच्या आणि मागच्या भागाच्या गळ्याची कड टेप उभी धरून मोजा आणि कॉलरच्या गळ्याकडच्या कडेशी ताडून पाहा. दोन्ही मापे थेट जुळली तर माया बहुधा धरलेली नाही. न जुळल्यास सगळ्या कडांपासून ३/८ इंच आत रेघ मारा आणि त्या रेघेवर पुन्हा मोजा, खांद्याची आणि कॉलरच्या टोकाची माया सोडून. तरीही जुळले नाही तर १/२ इंचावर. गळा आतून गोल असल्यामुळे रेघ आत सरकली की त्याची लांबी वाढते, म्हणून चुकीचा अंदाज इथेच पकडला जातो. आजच्या सवयीने सरसकट ५/८ इंच धरले तर मूळची ३/८ इंच माया असलेला शर्ट प्रत्येक शिवणीला अर्धा इंच आवळतो. चार शिवणींत दोन इंच गेले!

प्रश्न : पाकिटावर १४ नंबर आहे आणि मुलीलाही हल्लीच्या पॅटर्नचा १४च नंबर बसतो. तरी नमुन्याचा शर्ट छातीत घट्ट का?

उत्तर : नंबर तोच राहिला, मापे सरकली. १९३०-४०च्या दशकांत १४ म्हणजे छाती ३२ इंच. १९६०च्या दशकाअखेर त्याच १४चे ३६ झाले. म्हणून पाकिटावरचे छातीचे माप तेवढे पाहा.

दोन इंच वाढवायचे असतील तर ते बगलेत ढकलू नका, मुंढा (बाही जोडायची गोल कड) पसरट होतो आणि बाही ओढते. पुढचा आणि मागचा प्रत्येक अर्धा भाग खांद्याच्या मध्यापासून खालपर्यंत उभा चिरा, अर्धा-अर्धा इंच फाकवा, मागे कागद चिकटवा. योक (खांद्यावरचा वेगळा जोडलेला तुकडा) असेल तर तोही तितकाच रुंद करा. बाहीचा गोलाई भाग नव्या मुंढ्याशी मोजून जुळवा.

प्रश्न : पॅटर्नवर ३६ इंच पन्ह्याचे ४ वार कापड लिहिले आहे. आज ५८-६० इंच पन्हा मिळतो. किती घ्यावे आणि कोणते? फोटो काळा-पांढरा असल्याने रंगही समजत नाही.

उत्तर : हिशेब सोपा: ३६ला ४ वार म्हणजे ६० इंच पन्ह्याला साधारण २.४ वार, पण मांडणीत तुकडे वाया जातात म्हणून २.७५ वार घ्या. सुती ड्रिल किंवा ट्विल (तिरक्या विणीचे जाड कापड) घ्या. पॉलिएस्टर मिसळलेले कापड चमकते आणि घडी वेगळी पडते, शिवाय त्या काळी ते नव्हतेच.

कापायच्या आधी २० इंचांचा चौकोन आखून तुकडा गरम पाण्यात धुवा. वाळल्यावर १९ इंच भरला तर ५ टक्के आटले. आटणे उभ्या धाग्यात जास्त असते, म्हणून धुतल्याशिवाय शिवलेला शर्ट पहिल्या धुण्यात आखूड होतो. रंगाचे म्हणाल, तर गर्ल स्काउट्सचा गणवेश १९२८मध्ये खाकीचा राखाडी-हिरवा झाला. म्हणजे फोटोचे साल कळले की अर्धे काम झाले.

प्रश्न : छातीवरच्या खिशाची झाकणे वर वळतात आणि मधली बॉक्स प्लीट (दोन्ही बाजूंनी आत दुमडलेली उभी चुणी) उघडी पडते.

उत्तर : झाकणाचे दोन्ही थर एकाच मापाचे कापले असणार. वरचा थर कडेवरून वळतो, त्याला जास्त कापड लागते. आतला थर तीन बाजूंनी १/८ इंच कमी कापा, ताणून कडा जुळवा आणि मग टीप घाला. उलटवण्यापूर्वी एक माया १/४ आणि दुसरी १/८ इंच उरेल इतकी छाटा, टोके तिरकी कापा. जाड ड्रिलमध्ये हे केले नाही तर कोपरा गोळा होतो.

प्लीट वर दिसते त्याच्या दुप्पट कापड खाते. दीड इंच दिसायची असेल तर ३ इंच जादा. तयार खिसा साडेपाच इंच हवा, तर रुंदी ५.५ + ३ + १ (माया) = ९.५ इंच. प्लीट वर आणि खाली अर्धा-अर्धा इंच टिपेने बंद करा. झाकण खिशापेक्षा पाव इंच रुंद हवे आणि तोंडाच्या अर्धा इंच वर लावावे. हे सगळे बाजूची शिवण घालण्याआधी, पुढचा भाग सपाट असतानाच. सुई १००/१६, इंचाला १० ते १२ टाके.

प्रश्न : १९२०च्या स्कर्टला बाजूने चेन लावली तर चालेल?

उत्तर : नाही. कपड्यांत चेनचा वापर १९३०च्या मध्यानंतर रुळला. हूक आणि प्रेस बटणे लावा. धातूची बटणे असतील तर ती शिवू नका. कापडाला हाताने गोल काज करा, बटणाची कडी आत घ्या आणि मागून रिंग अडकवा. म्हणजे धुताना ती काढता येतात.

प्रश्न : बॅजही नकली बनवले तर?

उत्तर : अमेरिकेत बॉय स्काउट्सला १९१६मध्ये आणि गर्ल स्काउट्सला १९५०मध्ये काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, सनद मिळाली. त्यांच्या चिन्हांना कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा ती विकण्यासाठी करू नका. मूळ जुने बॅजही नव्या कापडावर शिवू नयेत. आतल्या पट्टीवर ‘प्रतिकृती’ आणि शिवल्याचे साल धाग्याने भरा, म्हणजे उद्या कोणी हा गणवेश जुना म्हणून विकत घेणार नाही.