इम्प्लांटवरचा ब्रिज हलू लागल्यास

प्रश्न : खालच्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळांवर) बसवलेला माझा ब्रिज (एकमेकांना जोडलेल्या कृत्रिम दातांचा संच) चावताना किंचित हलतो, मात्र दुखत नाही. पुढील नियमित तपासणीपर्यंत थांबले तर चालेल का?

उत्तर : थांबू नये. दुखत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. बहुधा हाडातील इम्प्लांट पक्का असून ब्रिजला धरून ठेवणारा स्क्रू सैल झालेला असतो. मात्र त्याची खात्री तपासणी व एक्स-रेनंतरच करता येते. सैल स्क्रूवर चावण्याचा ताण वारंवार येत राहिल्यास तो आतच तुटू शकतो, आणि तुटलेला तुकडा काढणे हे फार किचकट काम असते.

ब्रिज स्क्रूने बसवलेला असल्यास दंतवैद्य ब्रिजच्या दाढेवरील छिद्रातले फिलिंग काढून स्क्रू बाहेर घेतात, त्याचे आटे तपासतात आणि शक्यतो नवा स्क्रू टॉर्क रेंचने (मोजून जोर लावणाऱ्या पान्याने) उत्पादकाने ठरवलेल्या जोराने, अनेक इम्प्लांट प्रणालींत ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर, आवळतात. सुमारे दहा मिनिटांनी तो पुन्हा आवळणे हिताचे, कारण पृष्ठभाग एकमेकांवर बसताना पकड थोडी ढिली पडते. सिमेंटने चिकटवलेला ब्रिज काढणे अधिक अवघड असते. स्क्रू पुन्हा सैल झाल्यास मात्र नुसता आवळून घेऊ नका; उंच राहिलेला चावा (चावताना ब्रिज इतर दातांआधी टेकणे), ब्रिजच्या सांगाड्याची सदोष बैठक किंवा झोपेत दात खाण्याची सवय तपासून घ्या. घरगुती गोंद कदापि वापरू नये.