डीप पर्पलमधली इतकी माणसं बदलली, मग हा बँड तोच म्हणायचा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. १९६८पासून डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडमध्ये गायक, गिटारवाले, कीबोर्डवाले येत-जात राहिले, मग आज त्या नावाने वाजवणाऱ्यांना तोच बँड का म्हणायचं? आणि नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करायची? मी सोलापुरात ऑर्केस्ट्रात ड्रम आणि ऑक्टोपॅड वाजवतो, त्यामुळे माझं उत्तर ड्रमच्या स्टुलावरून आलंय हे धरूनच वाचा. बँड तोच आहे, कारण ड्रमवर अजूनही इयन पेस आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक संचात असलेला तो एकटाच.

लोक बँड ओळखतात तो गायकावरून. आमच्याकडे तरी वेगळं काय? हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम असला की बॅनरवर फोटो गायकांचे आणि निवेदकाचा. रिदमवाल्यांची नावं खाली, तीही जागा उरली तर. स्टेजवरचा हिशेब मात्र उलटा असतो. गायक ऐनवेळी आला नाही तर दुसरा उभा करता येतो, पट्टी उतरवली की भागतं. ड्रमवाला बदली आला की पहिली काही गाणी सगळ्यांचीच तारांबळ. कीबोर्डवाला सारखा मागे वळून बघतो, ढोलकीवाल्याला उठाण कुठे घ्यायची ते कळत नाही, आणि गाणी तीच असूनही पार्टी दुसरीच वाटायला लागते.

आता डीप पर्पलकडे. १९६८चा पहिला संच: गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर पेस, गायक रॉड इव्हान्स, बेसवर निक सिंपर. वर्षभरात बाकीच्यांना जास्त दणकेबाज आवाज हवा झाला. १९६९ मध्ये गायक इयन गिलन आणि बेसवाला रॉजर ग्लोव्हर यांना आणलं, तेही गुपचूप. नव्या दोघांबरोबर तालमी चालू आणि जुन्या दोघांना घेऊन ठरलेले कार्यक्रमही चालू! हे वाचून मला अजिबात धक्का बसला नाही. आपल्याला काढलंय हे नव्या बॅनरवरून कळलेले गायक मी या शहरात पाहिलेत.

या दुसऱ्या संचाला चाहते 'मार्क टू' म्हणतात, आणि लोकांच्या डोक्यात डीप पर्पल म्हणजे हाच. १९७० ते १९७३ या काळातलं त्यांचं काम आजही पुरून उरतं. लॉर्डने हॅमंड ऑर्गन थेट गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवायला सुरुवात केली, म्हणून तो गिटारच्या बरोबरीने गुरगुरतो. ऑर्गन आणि गिटार भांडतायत आणि पेस दोघांना लगाम लावून पुढे नेतोय, अशी ती मांडणी. पेस डावखुरा, त्यामुळे त्याचा सेट उलटा मांडलेला. (आमच्याकडे डावखुरा बदली ड्रमवाला आला की साउंडवाला आधी कपाळाला हात लावतो, कारण लावलेले सगळे माइक फिरवायचे असतात.) त्याच्यावर जॅझचे संस्कार आहेत, म्हणून इतक्या दणक्यातही ठेका डुलतो, नुसता आदळत नाही.

गिलन आणि ब्लॅकमोरचं पटेना. १९७३ मध्ये गिलन गेला, ग्लोव्हरही गेला. त्यांच्या जागी ग्लेन ह्यूज आला, तो बेस वाजवायचा आणि गायचाही, आणि डेव्हिड कव्हरडेल आला, जो रेडकार नावाच्या गावात कपड्यांच्या दुकानात काम करत होता. कापड दुकानात गाणारा सेल्समन सोलापूरकराला सांगायला नको! १९७५ मध्ये ब्लॅकमोरने बाहेर पडून रेनबो नावाचा स्वतःचा बँड काढला, पर्पलमध्ये गिटारवर टॉमी बोलिन आला, आणि १९७६ मध्ये बँड बंद पडला. बोलिन त्याच वर्षाच्या शेवटी वारला. त्याच्यासोबतचा एकुलता एक अल्बम लोक नाक मुरडून ऐकतात, मला तो आवडतो.

१९८० मध्ये तर कमालच झाली. पहिला गायक रॉड इव्हान्स अनोळखी वादकांना घेऊन अमेरिकेत 'डीप पर्पल' म्हणून कार्यक्रम करायला लागला. खऱ्या मंडळींच्या बाजूने वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली, की अमुक अमुक कलाकार या कार्यक्रमात नसतील. प्रकरण कोर्टात गेलं आणि ६,७२,००० डॉलरची भरपाई लागली. शिवाय इव्हान्सची जुन्या रेकॉर्डवरची रॉयल्टीही गेली. म्हणजे संस्थापक गायक असूनही नाव त्याचं नव्हतं. आणि २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा मान झाला, तेव्हा त्या यादीत इव्हान्स होता, पण पहिल्या दिवसापासून बेस वाजवणारा सिंपर नव्हता. बिचारा!

१९८४ मध्ये मार्क टू परत जमला. १९८९ मध्ये गिलनला काढून जो लिन टर्नरला घेतलं, आणि १९९०चा अल्बम रेनबोसारखा वाजला. जाणकार लगेच म्हणतील, बघा, पेस तोच, लॉर्ड तोच, एक गायक बदलला आणि बँड बदलला. पण टर्नर, ब्लॅकमोर आणि ग्लोव्हर तिघंही रेनबोमध्ये एकत्र होते. पाचातले तीन जुन्या घरातले म्हटल्यावर जुनी सवय वर येणारच.

पुढे गिलन परतला, १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा चालू असतानाच कायमचा गेला, काही काळ गिटारची बाजू जो सॅट्रियानीने सांभाळली आणि १९९४ मध्ये स्टीव्ह मोर्स आला. २००२ मध्ये लॉर्डच्या जागी डॉन एअरी बसला (हाही एकेकाळी रेनबोतला). २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे मोर्सने बँड सोडला, तेव्हापासून सायमन मॅकब्राइड आहे. ब्लॅकमोरशिवाय पर्पल ऐकायचंच नाही म्हणणारे मला भेटतात. मोर्स त्यांच्यात ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त वर्षं होता, हे त्यांना सांगितलं की ते विषय बदलतात.

ऐकायला सुरुवात स्टुडिओतल्या अल्बमपासून करू नका. १९७२चा 'मेड इन जपान' घ्या. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, कोण काय करतंय ते स्वच्छ कळतं. मग १९९६चा 'पर्पेंडिक्युलर' ऐका आणि गिटार विसरून फक्त ड्रमकडे कान ठेवा. माणूस तोच आहे हे डोळे मिटून ओळखाल. त्यानंतर १९७४च्या 'बर्न'चं शीर्षकगीत. त्यात कव्हरडेल कडवं गात असताना पेस मागून ड्रमच्या तुकड्यांचा सतत भरणा करत राहतो, ओळीला ओळ लागू देत नाही. आमच्या पार्टीत मी हे एकदा जरी केलं तर गायक माइक स्टँडला लावून घरी जाईल, आणि मालक त्या दिवसाचं मानधन मलाच कापेल.